क्रॉसिंगपुरतं स्टेशन

कुर्डुवाडी-लातूर मार्गावरच्या एका लहान स्टेशनावर मुंबईची एक्स्प्रेस थांबावी, असं निवेदन गावानं तयार केलं आणि सह्यांचा कागद घरोघर फिरू लागला. गावाचं नाव मुद्दाम देत नाही. दिलं, तर वाद त्या एकाच गावाचा होऊन बसेल. सह्या गोळा करणाऱ्यांत मीही होतो. एका घरात कागद अडला. घर मामांचं. नॅरोगेजच्या जमान्यात पॉइंट्समन म्हणून लागलेले मामा खात्याच्या परीक्षा देत स्टेशन मास्तर झाले आणि ब्रॉडगेजवर निवृत्त झाले. सही त्यांनी कधीच ठोकली होती. अडवलं ते त्यांच्या भाचीनं. ती पुण्यात वाहतूक नियोजनाचं काम करते, सुटीला आली होती. पुढचं बोलणं आठवेल तसं मांडतो. मध्ये माझीही चार वाक्यं येतील, कारण गप्प बसणं मला जमलं नाही.

मामा : सही करायला काय जातं गं तुझं?

भाची : सहीनं काही जात नाही, मामा. पण मागणीच चुकीची आहे. मुंबईची गाडी रात्रीची. आपल्या स्टेशनावर रात्री-अपरात्री चढणार कोण, उतरणार कोण? उतरला तरी गाव दोन-अडीच किलोमीटरवर, रस्त्याला दिवा नाही. एसटी वेशीपर्यंत येते. मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे, पंचाहत्तरीच्या पुढच्यांना त्याच्या आदल्या वर्षापासून फुकट. गावाला काय परवडतं, ते गावाच्या पायांनी ठरवलंय. सकाळी फाट्यावर किती माणसं असतात आणि प्लॅटफॉर्मवर किती, तुम्हीच बघता.

मामा : फाट्यावर माणसं दिसतात, कारण तिथं गाडी येते. स्टेशनात गाडी थांबत नाही, तर माणूस तिथं काय कावळे मोजायला जाईल? आणि एसटीचं कौतुक मला नको सांगू. ऑक्टोबर २०२१ ला संप झाला, तो एप्रिल २०२२ पर्यंत चालला. कॉलेजची पोरं सहा महिने जीपच्या टपावर बसून गेली.

भाची : आणि त्याच्या आधी रेल्वेनं काय केलं? मार्च २०२० ला सगळ्या पॅसेंजर बंद. पुन्हा सुरू केल्या त्या ‘स्पेशल’ म्हणून. दहा रुपयांच्या कमीत कमी तिकिटाचे तीस झाले. गाडी तीच, डबे तेच, वेग तोच. ते भाडं खाली यायला फेब्रुवारी २०२४ उजाडलं. एसटीनं सहा महिने रडवलं म्हणता, रेल्वेनं गाड्या पुन्हा सुरू केल्यापासून तोपर्यंत तिप्पट घेतले. त्यावर निवेदन नाही काढलं गावानं.

हे खरं होतं. तेव्हा निवेदन काढायचं कुणाला सुचलं नाही. एक्स्प्रेसच्या थांब्यात एक मान आहे, फलकावर गावाचं नाव झळकतं, उद्घाटनाला आमदार येतो. दहाचे तीस झाले, त्याला हार घालता येत नाही.

मामा : बरं, भाड्याचं सोड. स्टेशन म्हणजे नुसतं तिकीट नव्हे. या गावाला बाहेरचं जग स्टेशनानं दाखवलं. वर्तमानपत्रांचा गठ्ठा उतरायचा, पोस्टाची थैली उतरायची. नवी नवरी उतरायची. फौजेत गेलेला पोरगा पत्र्याची ट्रंक घेऊन उतरायचा. वेळ विचारायची तर गाडीवरनं विचारायची. कसबे तडवळ्याला १९४१ साली बाबासाहेब आंबेडकरांनी महार-मांग वतनदारांची परिषद घेतली. सगळा निजामाचा मुलूख. परिषदेला तडवळंच का, याला कारणं बरीच असतील. पण तडवळं रुळावरचं गाव होतं, एवढं विसरू नको.

भाची : विसरत नाही. पण रूळ गावासाठी घातले होते, असंही समजू नका. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या इंग्रज इंजिनिअरनं लंडनमध्ये बार्शी लाइट रेल्वे कंपनी काढली, भागभांडवल तिथलं. कुर्डुवाडीला तेव्हा ‘बार्शी रोड’ म्हणत. जीआयपी रेल्वेच्या मोठ्या लायनीवरचं ते स्टेशन, आणि बार्शीची बाजारपेठ तिथून बैलगाडीच्या वाटेवर. बार्शीचा कापूस, धान्य, तेलबिया मुंबईला जाव्यात म्हणून १८९७ ला हा अडीच फुटी मार्ग सुरू झाला. १९०६ ला पंढरपूर, कारण वारकरी म्हणजे हुकमी उतारू. १९११ ला लातूर, १९२७ ला मिरज. मधल्या स्टेशनांची जागा कशावरून ठरली? वाफेच्या इंजिनाला पाणी कुठं लागेल आणि एकेरी रुळावर समोरासमोरच्या गाड्या एकमेकींना कुठं चुकवतील, यावरून. गाव जवळ असलं तर गावाचं नशीब. म्हणून तर आपलं स्टेशन दोन-अडीच किलोमीटर लांब.

मामा : कॅल्थ्रॉपसाहेबाला नाव ठेवू नको हां. त्यानं काय केलं माहीत आहे? इंजिन असो, डबा असो, वाघीण असो, कुठल्याही आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार येऊ द्यायचा नाही, असा नियम घातला. भार सारखा वाटला म्हणून हलक्या रुळावरून लांबलचक बोगी वाघिणी धावल्या. तोपर्यंत लोक म्हणायचे, अडीच फुटी गाडी म्हणजे खेळणं. आमच्या कुर्डुवाडी वर्कशॉपातले जुने फिटर ही गोष्ट घरातल्या पूर्वजाची सांगावी तशी सांगायचे.

इथं मामा खुलले आणि पुढची पंधरा-वीस मिनिटं भाचीला बोलायला जागा मिळाली नाही. नॅरोगेजचा डबा जमिनीला किती जवळ होता. नऊवारी नेसलेली म्हातारी हात न धरता कशी चढायची. चढाला गाडी इतकी हळू व्हायची की पोरं उतरून बोरं वेचून पुन्हा चढायची. ही बोरांची गोष्ट महाराष्ट्रातल्या प्रत्येक नॅरोगेजबद्दल सांगतात, म्हणून मी ती अर्धीच धरतो. डब्याच्या उंचीची मात्र पुरी धरतो. ब्रॉडगेज आली तेव्हा रूळ बदलले, इंजिन बदललं, पण लहान स्टेशनांवरचे प्लॅटफॉर्म कितीतरी वर्षं रुळाच्या पातळीलाच राहिले. डब्याची पहिली पायरी गुडघ्याच्या वर. मामांच्याच भाषेत सांगायचं तर, “आधी म्हातारी गाडीत चढायची, आता म्हातारीला चढवावं लागतं.”

भाची : कॅल्थ्रॉपनं अशीच दुसरी लाइन इंग्लंडात बांधली, ते सांगायचे का तुमचे फिटर? स्टॅफर्डशरमध्ये, लीक आणि मॅनिफोल्ड नावाची. बार्शी लाइटचा अनुभव नेऊन १९०४ ला सुरू केली. तोच अडीच फुटी गेज. तिथंही शेतकऱ्यांचं दूध त्या गाडीनं जायचं. दुधाची वाहतूक गेली आणि १९३४ ला मार्ग बंद. रूळ उखडले, वाटेवर पायी फिरायचा रस्ता केला. आज लोक तिथं सुटीत फिरायला जातात. कुणी उपाशी मेलं नाही.

मामा : तिथं पाऊस पडतो गं. तिथल्या लायनीवर कुणाला पाणी न्यावं लागलं नाही. २०१६ चा एप्रिल आठव. लातूरच्या नळाला पाणी नाही, टाक्यांभोवती जमावबंदी लावायची पाळी आली. मिरजेहून ‘जलदूत’ गाडीच्या दहा वाघिणी निघाल्या, एकेकीत पन्नास हजार लिटर. पाच लाख लिटर पाणी सुमारे तीनशे चाळीस किलोमीटर आणलं. पुढं पन्नास-पन्नास वाघिणींची गाडी केली. पावसाळा लागेपर्यंत आणि त्याच्याही पुढं ऑगस्टपर्यंत ती चालली. १९५४ ला सरकारनं ही लाइन विकत घेतली नसती, २००८ पर्यंत लातूरपर्यंत रुंदीकरण झालं नसतं, तोट्यातली म्हणून तुझ्यासारख्यानं तिच्यावर पायवाट केली असती, तर ‘जलदूत’ काय पायवाटेवरून आणला असता?

मला वाटलं, वाद इथं संपला. मामांच्या चेहऱ्यावरही तेच होतं. भाची पाणी प्यायली, तेही सावकाश.

भाची : मामा, ती गाडी आपल्या स्टेशनावर थांबली होती?

मामा : ती कशाला थांबेल? ती लातूरची.

भाची : त्या उन्हाळ्यात आपल्या गावाला पाणी होतं?

मामा : टँकर होता. दोन दिवसांआड.

भाची : मग तेच म्हणते मी. पाच लाख लिटर पाणी आपल्या दारावरून गेलं. गावातल्या बायका हंडे घेऊन टँकरची वाट बघत होत्या, तेव्हा रुळावरून ते गेलं. जलदूतानं मार्गाची किंमत सिद्ध केली, आणि ती मला मान्य आहे. स्टेशनाची किंमत त्यानं सिद्ध नाही केली. उलट दाखवून दिलं की मार्ग जितका मोठा होतो, तितकं मधलं गाव त्याला लहान दिसतं.

या वाक्यापाशी मी या लेखाचा निकाल लावतो, कारण इतके दिवस आम्ही निवेदनवाले जी गोष्ट एक समजून चाललो होतो, त्या दोन आहेत. मार्ग टिकवणं वेगळं, थांबा टिकवणं वेगळं. मार्गासाठी भांडायला शहरं असतात, खासदार असतात, कारखाने असतात. रुंदीकरण झालं, धाराशिव शहर रेल्वेच्या नकाशावर आलं. त्याआधी तिथल्या माणसाला येडशी गाठावी लागे. लातूरला कोच फॅक्टरी उभी राहिली, तिथं ‘वंदे भारत’ शयनयान गाड्या बांधायचा करार झाला. सगळं चांगलंच आहे. पण त्या कारखान्यातून बाहेर पडणारी एकही गाडी ढोकी किंवा पांगरीसारख्या ठिकाणी थांबण्यासाठी बांधलेली नसेल. संथ गाडी सगळीकडे थांबत होती. आम्ही वेग मागितला, तो मिळाला, आणि त्यात गेला तो थांबा आमचा होता.

मामांना हे पटलं नाही, आणि त्यांचं न पटणं बिनबुडाचं नव्हतं.

मामा : आपल्या स्टेशनावर एक्स्प्रेस थांबत नाही, असं कोण म्हणतं?

भाची : म्हणजे?

मामा : अगं, एकेरी लाइन. समोरून मालगाडी आली की एकीला लूपला, म्हणजे बाजूच्या रुळावर, घ्यावंच लागतं. कधी दहा मिनिटं, कधी पाऊण तास. क्रॉसिंगला उभी राहते एक्स्प्रेस, आपल्याच स्टेशनात. सिग्नल, मास्तर, पॉइंट, सगळं आहेच. रेल्वेला हे स्टेशन लागतं म्हणून ते बंदही करता येत नाही. मी ड्यूटीवर असताना डोळ्यांनी बघितलंय. क्रॉसिंगला गाडी उभी राहिली की पलीकडच्या शेतातून माणसं पळत यायची, उलट्या बाजूनं दार धरून चढायची. गाडी थांबलेली, माणसं चढलेली, आणि कागदावर थांबा नाही! मग मी काय करायचं, शिट्टी मारून माणसं उतरवायची?

भाची : तुम्ही काय केलंत?

मामा : मी सिग्नल दिला.

भाची : बघा. रुळांतून पळत येऊन उलट्या बाजूनं चढणारी माणसं. उद्या त्यातलं एखादं दुसऱ्या लायनीवरच्या मालगाडीखाली आलं तर? शिवाय क्रॉसिंग ठरल्या जागी होतंच असं नाही. गाड्या वेळेवर असल्या तर ते पुढच्या स्टेशनात होईल. गावानं एकाच भरवशावर राहायचं, गाडी उशिरा येईल या भरवशावर?

मामा हसले. मीही. पण यात खोल काही आहे, तेही सांगून टाकतो. स्टेशनाची इमारत आहे, माणसं पगारावर आहेत, गाडी अधूनमधून उभीही राहते. गावासाठी नाही, इतकंच. दोन गाड्यांनी एकमेकींना वाट द्यावी म्हणून सरकारनं तिथं दिवा लावून ठेवला आहे, आणि त्या उजेडात गावाला उभं राहायची परवानगी नाही.

भाची : आता खर्चाचं बोलू का? तुम्हाला राग येईल.

मामा : बोल.

भाची : मध्यंतरी रेल्वे तिकिटावरच छापत होती, की प्रवासाच्या खर्चातले सरासरी ५७ टक्केच वसूल होतात. बाकीचे मालवाहतुकीतून. ही देशाची सरासरी. लहान स्टेशनांवर तर त्याहून कमी. एक्स्प्रेस दोन मिनिटं थांबवायची म्हणजे वेग उतरवणं आणि पुन्हा धरणं धरून पाच-सहा मिनिटं जातात. अशी दहा गावं मागायला लागली तर लातूरचा माणूस एक तास उशिरा पोचेल आणि ट्रॅव्हल्सनं जाईल. १९८० च्या दशकात रेल्वे सुधार समितीनं तोट्यातल्या चाळीस शाखामार्गांना टाळं लावा, असं सुचवलं होतं. राज्यांनी विरोध केला म्हणून बरेच वाचले. पण वाचवणाऱ्यांनी नंतर त्यावर गाड्या वाढवल्या का? नाही. नुसतं ‘बंद करू नका’ म्हणून मार्ग जगत नाही.

मामा : तोटा, तोटा! रस्त्याचा तोटा कुणी मोजतो का? गावाच्या डांबरी रस्त्यानं किती पैसे मिळवले, असं कुणी विचारलंय? रस्ता केला की विकास, आणि रूळ ठेवले की तोटा. हा कुठला हिशेब?

भाची : हे मात्र बरोबर आहे.

मामा : हां! लिहून घ्या हो तुम्ही, पोरगी बरोबर म्हणाली.

लिहून घेतलं आहे. भाचीनं त्यापुढं एक वही मागवली आणि आमच्या निवेदनाची चिरफाड केली. तिचं म्हणणं असं की गावातून रोज जाणारं माणूस कोण, ते आधी बघा. बार्शीला, लातूरला कॉलेजला जाणारी मुलं. दवाखान्याला जाणारी म्हातारी माणसं. एमआयडीसीत पाळीला जाणारे. भाजी, दूध घेऊन जाणारे. यातल्या कुणालाही रात्रीची मुंबई गाडी नको. त्यांना सकाळी आठच्या आत पोचवणारी आणि संध्याकाळी परत आणणारी, प्रत्येक स्टेशनावर थांबणारी गाडी हवी. वर आता विजेच्या तारा आहेत. दोन्ही टोकांना इंजिनाची कॅब असलेली मेमू अशा कामासाठीच असते: पटकन वेग धरते, पटकन थांबते, टोकाला पोचल्यावर इंजिन फिरवायला लागत नाही. तेव्हा एक्स्प्रेसचा थांबा मागू नका, मेमूची एक फेरी मागा. आणि त्याबरोबर प्लॅटफॉर्मची उंची, स्टेशन ते गाव रस्त्याला दिवे, आणि एसटीची एक फेरी स्टेशनाच्या वेळेला जोडून.

मामा : मेमूला मान नाही गं. एक्स्प्रेस म्हटलं की वजन पडतं.

भाची : वजन कुणावर? तुम्ही एक्स्प्रेस मागाल. ते सहा महिन्यांसाठी प्रायोगिक तत्त्वावर थांबा देतील. हार-तुरे होतील. सहा महिन्यांनी तिकीटविक्रीचा आकडा बघतील, तो नसेल, थांबा काढतील. आणि त्यानंतर काहीही मागितलं तरी फाइलवर लिहिलेलं असेल, की प्रतिसाद नाही.

या एका गोष्टीवर मामा गप्प झाले, कारण ती त्यांना आमच्यापेक्षा जास्त माहीत होती. स्टेशनाचा आकडा कसा तयार होतो, ते त्यांनीच मग सांगितलं. आकडा स्टेशनावर किती माणसं चढली याचा नसतो. त्या स्टेशनाच्या खिडकीवर किती तिकिटं विकली गेली याचा असतो. मुलं महिन्याचा पास काढतात तो बार्शीला किंवा लातूरला, म्हणजे पैसे जमा तिथल्या खात्यावर. येताना परतीचं तिकीटही तिथलंच. आणि इथून चढणारे कितीतरी जण, “पुढच्याच स्टेशनाला तर उतरायचंय” म्हणून, काहीच काढत नाहीत. मामा म्हणाले, “माझ्या काळात गाडीत चढणारी माणसं मोजून दमायचो आणि रात्री हिशेबाच्या वहीत तिकिटं बोटांवर मोजण्याइतकी. वरच्या साहेबाला मी काय माणसं दाखवणार? त्याला वही दाखवायची.”

मी त्यांना विचारलं, मग तेव्हा तुम्ही गावाला सांगितलं का नाही? ते म्हणाले, “सांगितलं की. लोक म्हणायचे, मास्तर आपलाच आहे.”

मामा अजूनही म्हणतात की एक्स्प्रेस मिळाली तर सोडू नये. भाची म्हणते, आधी सकाळची गाडी. मी भाचीच्या बाजूनं आहे, आणि हे मामांना माहीत आहे.

या मार्गावरच्या आणि अशा प्रत्येक शाखामार्गावरच्या गावकऱ्यांना माझी विनंती साधी आहे. निवेदन जरूर द्या. पण त्यात कोणत्या वेळेची, कुठपर्यंतची, कुणासाठी गाडी हवी ते लिहा. आणि गाडी मिळेपर्यंतच्या काळात, जी कुठली पॅसेंजर तुमच्याकडे उभी राहत असेल तिचं तिकीट आपल्याच स्टेशनाच्या खिडकीवर काढा. जाण्याचंही आणि येण्याचंही. मुलांचे पास इथंच काढता येतात का, ते विचारा. दहा रुपयांचं असलं तरी काढा. रेल्वेच्या वहीत गाव तेवढंच दिसतं.